सोने संपले, माणसे उरली

‘केजीएफ’ ही तीन अक्षरे २०१८च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचविली. ज्या गावाची ती आद्याक्षरे, ते कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स मात्र आज कुणाच्याही गणतीत नाही.

जॉन टेलर यांच्या ब्रिटिश कंपनीने १८८०च्या सुमारास येथे पाय रोवले. १९०२मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्राची वीज या खाणींना मिळाली. बंगळूरचे रस्ते त्यानंतर उजळले! सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोने निघाले. तीन किलोमीटर खोल उतरून ते काढणारे मजूर बहुतांशी तमिळ मुलखातून आलेले, त्यातही दलित कुटुंबांतील अधिक. त्यांच्या वाट्याला आली ती एका खोलीची चाळ.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. उत्पादनखर्च मिळकतीपेक्षा वाढला होता, हे मान्य. परंतु १९५६पासून या खाणी शासनाच्याच मालकीच्या होत्या. मग भरपाईचा धनादेश हाती ठेवला की पालकत्व संपते काय? बंगळूर जवळच आहे, तेथे कामे आहेत, असे सांगितले जाते. पहाटेच्या गाडीने शंभर किलोमीटर जायचे आणि केवळ निजायला परतायचे, याला पुनरुत्थान म्हणायचे असेल, तर शब्दकोशच बदलावा लागेल.

२०१५च्या कायदादुरुस्तीने खाणग्रस्तांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आणली. हेतू स्तुत्य, पण तिचा निधी येतो तो खाणपट्टेधारकांकडून, स्वामित्वधनाच्या प्रमाणात. खाण चालते तोवर झरा वाहतो. ती बंद पडून चूल विझते, नेमका तेव्हाच तो आटतो.

आता पुन्हा या गावाची आठवण झाली आहे. माणसांसाठी नव्हे, मातीसाठी. सायनाइड वापरून सोने वेगळे केल्यावर उरलेल्या गाळाच्या टेकड्या गावाला वेढून आहेत. वाऱ्यासरशी त्यांची धूळ घराघरांत शिरते. त्यात अजूनही थोडे सोने आहे. अशा १३ ढिगाऱ्यांच्या, सुमारे एक हजार एकरांवरील लिलावाच्या केंद्रीय प्रस्तावास कर्नाटक मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये संमती दिली. धूळ ज्यांनी गिळली, त्यांचा या सोन्यात वाटा किती? तो दानधर्म म्हणून नव्हे, लिलावाच्या अटींतच लिहिला गेला पाहिजे: धुळीचा बंदोबस्त आधी, खाणकामगारांच्या नातवंडांना कामात अग्रक्रम, आणि चाळीतील खोल्यांची मालकी त्यांच्या नावे.