बारा लाखांचा ‘गरीब’ आणि अडीच लाखांचा ‘श्रीमंत’

“आमच्या टॅक्सच्या पैशावर किती दिवस जगणार तुम्ही लोक?”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजच्या फीच्या खिडकीपुढे. माझ्या हातात शिष्यवृत्तीचा अर्ज होता आणि मागे उभ्या असलेल्या मुलाने तो पाहिला होता. तेव्हा मी गप्प बसलो. परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हेच वाक्य पुन्हा कानावर आलं. विषय मोफत धान्याचा होता, तिथून लाडकी बहीणवर गेला आणि शेवटी नेहमीप्रमाणे आपल्या शिष्यवृत्तीवर येऊन थांबला. या वेळी मी गप्प बसलो नाही. तिथे जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. मित्रांनो, हा प्रश्न उद्या तुमच्या मुलांनाही विचारला जाणार आहे. त्यांच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

पहिली गोष्ट. आयकर भरणारे लोक देशात थोडे आहेत आणि ते बहुतेक वरच्या वर्गातले आहेत, हे खरं आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण कर म्हणजे फक्त आयकर, हे कोणी ठरवलं? २०१७ च्या जुलैपासून देशात जीएसटी आहे. साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के कर होता. सोन्यावर किती? ३ टक्के! आठ वर्षं या देशात अंगाला लावायच्या साबणावर गळ्यात घालायच्या सोन्याच्या सहापट दराने कर घेतला गेला. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळ यांवरही ५ टक्के कर बसला. नाक्यावर उभा राहणारा मजूर, कचरा वेचणारी बाई, ऊसतोड कामगार, हे सगळे रोज कर भरतात. फरक एवढाच की त्यांना पावती मिळत नाही, रिटर्न भरावं लागत नाही आणि म्हणून त्यांना ‘करदाता’ म्हणून मिरवताही येत नाही.

हे काही मी नवीन सांगत नाही. १८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारची तिजोरी शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामाने भरते आणि तिचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाला होतो, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. पुढे १९२७ साली बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले आणि अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी नेमकं बोट ठेवलं : आयकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट आहे, मग एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला शेतसाऱ्यात सूट का नाही? त्याच वर्षी त्यांनी सभागृहाला दाखवून दिलं की सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. म्हणजे कोण कोणाच्या पैशावर जगतंय, हा हिशेब आपल्या महापुरुषांनी केव्हाच मांडून ठेवला आहे. आपण तो वाचायचा विसरलो.

आता आजचा हिशेब करू. सरकारच्या लेखी गरीब कोण?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने सांगितलं की नव्या कररचनेत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक रुपयाही आयकर नाही. म्हणजे महिना एक लाख कमावणाऱ्याला दिलासा हवा. ठीक आहे.

२०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिलं. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना वगळलं. त्यासाठी दुर्बल कोण, तर ज्याच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे तो. म्हणजे महिना सहासष्ट हजार कमावणारं घर दुर्बल.

आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर? कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. महिन्याला २०,८३३ रुपये! बाप वॉचमन, पगार बारा हजार. आई चार घरची धुणीभांडी करते, नऊ हजार. झाले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. हे घर सरकारच्या लेखी शिष्यवृत्तीसाठी श्रीमंत!

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात अडीच लाखांच्या वर गेलं तरी फ्रीशिप मिळते, फी माफ होते. हो, मिळते. पण फी भरून पोट भरत नाही. निर्वाह भत्ता गेला. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात तिचे वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. तिलाही अडीच लाखांचीच अट, म्हणजे तीही गेली. परभणीहून पुण्याला आलेल्या पोराने खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे कुठून आणायचे? आपल्या किती पोरांचं शिक्षण फीपायी नाही, खोली आणि मेसपायी सुटतं, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

अजून एक गोष्ट बघा. ही अडीच लाखांची मर्यादा २०१३ सालची आहे. त्या वर्षी आयकर कितीपासून लागायचा? २ लाखांच्या वर. म्हणजे तेव्हा शिष्यवृत्तीची रेषा करमुक्तीच्या रेषेच्या वर होती. बारा वर्षांत करमुक्तीची रेषा २ वरून १२ लाखांवर गेली आणि शिष्यवृत्तीची रेषा होती तिथेच राहिली. महागाई काय फक्त १२ लाखवाल्यांसाठी वाढली? आमच्या वस्तीत गॅस, तेल, रिक्षा २०१३ च्या भावाने मिळतात का?

आता ‘रेवडी’कडे येऊ. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला ‘रेवडी’ हा शब्द वापरला आणि तेव्हापासून गरिबाच्या प्रत्येक हक्काला तो चिकटवला जातो. पण २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत अर्थमंत्र्यांनी जे जाहीर केलं ते काय होतं? कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के, नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी, आणि हा आकडा सरकारचाच. पुढच्याच वर्षी डिसेंबर २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्र आणि राज्य मिळून ५९,०४८ कोटींची तरतूद झाली. किती वर्षांसाठी? पाच! किती विद्यार्थ्यांसाठी? चार कोटींहून जास्त! कंपन्यांना एका वर्षात सोडलेली रक्कम आपल्या चार कोटी मुलांच्या पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीच्या जवळपास अडीच पट आहे. त्याला ‘प्रोत्साहन’ म्हणतात. याला ‘रेवडी’ म्हणतात.

यादी इथे संपत नाही. वारसा संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ मध्ये गेला. बँकांनी दहा वर्षांत १६ लाख कोटींहून अधिक कर्जं राइट ऑफ केल्याचं सरकारने मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, असं लगेच समजावलं जातं. मान्य. मग बचत गटाच्या कर्जाचा एक हप्ता चुकला तर आमच्या बायांच्या दारात येऊन बसणाऱ्यांनाही हा फरक कोणी तरी समजावून सांगा.

कॅन्टीनमधल्या माझ्या सहकाऱ्याचा राग खोटा नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक आयकराचा अंदाज १४ लाख कोटींच्या वर आहे, तर कंपन्यांच्या कराचा ११ लाख कोटींच्याही आत. पगारदाराच्या खिशातून कंपन्यांपेक्षा जास्त पैसा जातो. त्याचा राग बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला आहे. जातीने त्याला खाली बघायला शिकवलंय, वर बघायला नाही.

आता आपल्या राज्यातलं बघा. लाडकी बहीणला माझा विरोध नाही. १५०० रुपये हातात आले की बाईला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचा खुलासा काय? हा पैसा अनुसूचित जाती-जमातीच्या बहिणींनाच जातोय, मग अडचण काय?

अडचण ही आहे. इतर समाजाच्या बहिणीचे १५०० सर्वसाधारण तिजोरीतून येतात. आमच्या बहिणीचे १५०० आमच्या मुलांच्या वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या निधीतून. ती काय या राज्याची नागरिक नाही? सर्वसाधारण तिजोरीत तिचा वाटा नाही? १९७९-८० मध्ये अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली ती मागे राहिलेलं अंतर भरून काढायला. सगळ्यांना मिळतं ते मिळाल्यावर त्याच्या वर द्यायचा तो निधी. इथे आईच्या एका हातावर १५०० ठेवले आणि दुसऱ्या हातातून पोराची खोली काढून घेतली. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठीही हाच निधी वळवला होता, हे विसरू नका. तेव्हा सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. शिष्यवृत्ती, स्वाधार आणि वसतिगृहाची उत्पन्न मर्यादा किमान ८ लाख करा आणि दरवर्षी महागाईशी जोडा. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, तो वळवायला बंदी आणि न खर्चलेला निधी पुढच्या वर्षात नेणं, असा कायदा महाराष्ट्रात करा. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये, तेलंगणाने २०१७ मध्ये केला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला अजून जमलेला नाही. कर्नाटकात कायदा असूनही हा निधी गॅरंटी योजनांकडे गेल्याचा वाद झालाच. म्हणजे कायद्यावर पहाराही आपल्यालाच ठेवावा लागेल. आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात माहितीचा अधिकार टाका. किती आले, किती खर्चले, किती वळवले, एवढंच विचारा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना. त्याआधी १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन देऊन समाजाच्या शिक्षणासाठी निधी मागितला होता. त्यांनी भीक मागितली नव्हती, हिशेब मागितला होता. उद्या फीच्या खिडकीपुढे तुमच्या मुलीला कोणी तो प्रश्न विचारला, तर तिने मान खाली घालू नये. तिने उलट विचारावं : साबणावर १८ टक्के माझ्या आईनेही भरले, त्याची पावती दाखवू का?

जय भीम! जय संविधान!