मुलाचा मुतखडा फेकू नका : नवी मुंबईकरांस जाहीर आवाहन



घणसोलीच्या एका नऊ वर्षांच्या मुलाचा मुतखडा दोनदा फोडण्यात आला, दोन्ही खेपेस ‘आता काळजी नको’ असे सांगून त्याची घरी रवानगी झाली, आणि परवा त्यास डायलिसिसवर ठेवण्याची पाळी आली तेव्हा कोठे त्याच्या लघवीतील ऑक्झॅलेट मोजण्याची कोणास बुद्धी झाली! पहिला खडा त्याच्या आईने औषधाच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून ठेवलेला आम्ही पाहिला. ज्वारीच्या दाण्याएवढा, फिकट पिवळसर असा तो पुरावा कपाटात पडून राहिला, आणि तो तपासणीस पाठवा असे त्या माउलीस एकाही डॉक्टराने सांगितले नाही. ही बेपर्वाई आम्हांस असह्य झाली आहे.

त्या मुलास जडलेल्या आनुवंशिक व्याधीचे नाव प्रायमरी हायपरऑक्झॅलुरिया. तिच्या पहिल्या, सर्वांत घातक प्रकारात मूळ दोष मूत्रपिंडाचा नसून यकृताचा असतो : तेथील एका विकराच्या अभावी ऑक्झॅलेट बेसुमार तयार होते आणि मूत्रपिंडात साचून ते निकामी करते. म्हणूनच, निदान न करता केवळ मूत्रपिंड बदलल्यास दात्याचे मूत्रपिंडही त्याच वाटेने जाते. वेळीच ओळखल्यास भरपूर पाणी आणि काही मुलांत ब-६ जीवनसत्त्व एवढ्यानेही पुष्कळ निभावते.

‘पाण्याचा दोष’ म्हणणाऱ्यांनी मोरबे धरणाचे पाणी शेजारची मुलेही पितात हे ध्यानात घ्यावे. ‘आमच्या घराण्यात कोणास नाही’ हा युक्तिवाद तर पोकळच. आईबाप निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक अपत्यास चारांत एक धोका असतो. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या घरांनी अधिक सावध असावे.

तेव्हा मुलास पहिलाच खडा झाला तरी तो पृथक्करणास द्यावा. लघवीतील ऑक्झॅलेटची तपासणी मागून घ्यावी. मूत्रपिंड आधीच दुबळे असल्यास केवळ लघवीच्या आकड्यावर विसंबू नये, रक्तातील ऑक्झॅलेट व जनुकतपासणीचा आग्रह धरावा. परळचे के.ई.एम. रुग्णालय २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणान्वये नेमलेले केंद्र आहे; तेथे जाण्यास संकोच कसला? चोवीस तासांची लघवी गोळा करणे ज्यांस अवघड वाटेल त्यांच्या घरी आमच्या मंडळाचे कार्यकर्ते येतील, आणि हे काम आम्ही कोणत्याही सरकारी फर्मानाची वाट न पाहता अंगावर घेतले आहे. थोरल्यास खडा झालेल्या घरात धाकट्याची सोनोग्राफी व लघवीतपासणी याच आठवड्यात व्हावी, सहामाही परीक्षा आटोपल्यावर नव्हे.