अर्ध्या दिवसाचा हिशेब

‘मेडिकल टाकली’ एवढे म्हटले की मराठी कचेरीत पुढचे काही सांगावे लागत नाही. माणूस आजारपणाच्या रजेवर गेला. परत येतो तेव्हा त्याच्या हातात दुसरा कागद असतो, तंदुरुस्तीचा दाखला. पहिल्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेले असते की हा कामास असमर्थ आहे, दुसऱ्यावर की हा कामावर रुजू होण्यास समर्थ आहे. तिसरा कागद छापलेलाच नाही. ‘पुढचे सहा महिने रोज चार तास काम करू शकेल’ असे लिहून द्यायला डॉक्टर एका पायावर तयार असले, तरी ते पत्र कोणत्या फायलीला लावायचे हे आस्थापना शाखेतल्या कारकुनाला सांगता येणार नाही. सरकारी रजेच्या नियमांत अर्धवेतनी रजा आहे, वर्षाला 20 दिवस. म्हणजे अर्धा पगार नियमाला सुचला. अर्धे काम मात्र सुचले नाही.

आजार असे दोन कप्प्यांत बसत नाहीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाचा आठवडा बघा. दोन किंवा तीन दिवस, दर वेळी चारेक तास. सुई लागण्याआधी वजन, सुटल्यावर पुन्हा वजन, मध्ये अंगातले दोनेक लिटर पाणी काढलेले. तो दिवस गेलाच, संध्याकाळी जिना चढवत नाही. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस हिशेबाच्या वह्या तपासू शकतो, वर्गात शिकवू शकतो, खिडकीवर बसून लोकांची कामे करू शकतो. संधिवाताच्या रुग्णाची गोष्ट तासांची आहे. सकाळी बोटे मिटत नाहीत, डब्याचे झाकण निघत नाही, शर्टाचे बटण लागत नाही. दहा-अकराच्या सुमारास हात मोकळा होतो. याला नऊच्या हजेरीला बोलावणे म्हणजे त्याच्या दिवसातला सर्वांत वाईट तास विकत घेणे. केमोथेरपीची अनेक चक्रे 21 दिवसांची असतात. पहिला आठवडा उलट्या आणि थकव्यात जातो, तिसऱ्या आठवड्यात माणूस बराचसा पूर्वीसारखा असतो. पूर्वी यांतले कितीतरी आजार माणसाला थोड्या काळात संपवत तरी किंवा सोडून जात तरी. आता औषधांनी त्यांना वर्षानुवर्षे सोबत राहायला शिकवले आहे. वैद्यक पुढे गेले, हजेरीपट मागे राहिला.

माझे म्हणणे एवढेच आहे की आजारामुळे पूर्णवेळाचे अर्धवेळ करून घेणे ही साहेबांच्या मर्जीची सवलत न राहता नियमात लिहिलेला हक्क व्हावा. तास कमी होतील तसा पगार कमी व्हावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधीच्या वर्षांची कमाई, सेवाज्येष्ठता आणि विमा यांना धक्का लागू नये, आणि तब्येत सुधारल्यावर पूर्णवेळ जागेवर परतण्याची वाट खुली राहावी. असे काम देण्यास कोणता कायदा मनाई करतो असेही नाही. दिवसाला किती तास, आठवड्याला 48 तास अशा मर्यादा कायद्याने घातल्या त्या वरच्या बाजूला. खालच्या बाजूने अडवतो तो कायदा नव्हे, हिशेब अडवतो.

तो हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे कामगार ज्याला ‘ईएसआय’ म्हणतात त्यात, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा 34 दीर्घ आजारांच्या यादीत नाव बसले आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठी ही मोठीच सोय आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र 1948 च्या मूळ कायद्यापासून एक अट आहे: ज्या दिवशी काम केले, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही. आता 20,000 रुपये पगाराचा, क्षयरोगातून सावरणारा कामगार घ्या. घरी बसला तर महिन्याला सुमारे 16,000. डॉक्टरांच्या परवानगीने रोज अर्धा दिवस कामावर गेला तर 10,000 पगार आणि विम्याकडून शून्य. काम करण्याची किंमत सहा हजार रुपये, शिवाय बसचे भाडे. एवढे करून तो घरी राहिला की आपण म्हणणार, याला कामाची इच्छाच नाही!

युरोपातल्या काही देशांनी ही गाठ फार पूर्वी सोडवली. स्वीडनमध्ये आजारपणाचा भत्ता पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा चार मापांत मिळतो. अर्धा दिवस काम केले तर उरलेल्या अर्ध्याचा भत्ता चालू राहतो. जर्मनीत लांबच्या आजारानंतर डॉक्टर तासांचा चढता तक्ता आखून देतात आणि त्याप्रमाणे माणूस हळूहळू पूर्ण कामावर येतो. तिथे अंशतः काम करू शकणाऱ्यांसाठी अंशतः पेन्शनही आहे; दिवसाला तीन ते सहा तास काम जमत असेल, तर अर्धवट क्षमतेचे निवृत्तिवेतन. फिनलंडने 2007 मध्ये अंशतः आजारपणाचा भत्ता सुरू केला. तिथल्या संशोधकांनी स्नायू आणि सांध्यांच्या दुखण्याच्या 63 कामगारांवर एक चाचणी केली. काहींना पूर्ण रजा, काहींना कमी तासांचे काम, आणि कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेले. कमी तास काम करणारे सर्वसाधारणपणे 12 दिवसांत नेहमीच्या कामावर स्थिरावले, पूर्ण रजेवाले 20 दिवसांत. 63 हा आकडा लहान आहे, तेवढ्यावर इमला बांधू नये. पण अर्धवट बऱ्या माणसाला काम दिले की दुखणे लांबते ही आपली घट्ट समजूत निदान या चाचणीत तरी टिकली नाही.

कोणी म्हणेल, स्वीडनच्या गोष्टी इथे कशाला. मग 1972 च्या आपल्याच ग्रॅच्युइटी कायद्याकडे जाऊ. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते: 15 दिवसांचा पगार गुणिले सेवेची वर्षे, आणि महिना 26 दिवसांचा धरायचा. 40,000 रुपये पगारावर 20 वर्षे काम केलेल्या माणसाने आजारी पडताच नोकरी सोडली, तर त्याला 4,61,538 रुपये मिळतील. तोच माणूस चिकाटीने आणखी चार वर्षे अर्ध्या पगारावर काम करत राहिला आणि ग्रॅच्युइटी शेवटच्या 20,000 वर मोजली, तर 24 वर्षांचे 2,76,923. चार वर्षे जास्त राबून पावणेदोन लाखांहून अधिक नुकसान. पण याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक पोटकलम होते, ते फारसे कोणाला माहीत नसते. आजाराने किंवा अपघाताने पूर्वीच्या कामाची क्षमता गेली आणि माणूस कमी पगारावर राहिला, तर आधीच्या वर्षांना आधीचा पगार आणि नंतरच्या वर्षांना नंतरचा पगार लावायचा. या रीतीने वरच्या माणसाला 5,07,692 रुपये मिळतात. म्हणजे अर्ध्या शताब्दीपूर्वी कोणीतरी कायदा लिहिताना या माणसाचा विचार केला होता. तो विचार बाकीच्या नियमांत पोचला नाही एवढेच. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी धरतात, 15,000 च्या मर्यादेत. तिथे 24,000 चे 12,000 झालेल्याला असे कोणतेही संरक्षण नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरांना मात्र भक्कम आधार दिला आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. दुसऱ्या जागेवर त्याच वेतनश्रेणीत सामावून घ्यायचे, तेही न जमल्यास अधिसंख्य पद निर्माण करायचे. पण हे सरकारी आस्थापनांपुरते, आणि त्याला दिव्यांगत्वाचा शिक्का लागतो. कायद्याच्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, पार्किन्सन्स आहे, सिकलसेल आहे; मूत्रपिंड निकामी होणे किंवा कर्करोग नाही. शिवाय या कायद्याची नजर जागा बदलण्यावर आहे, तास बदलण्यावर नाही. खासगी कारखान्यातल्या माणसाला तर उलट अनुभव: औद्योगिक विवाद कायद्याने ‘सततच्या आजारपणामुळे’ संपवलेली सेवा कामगार कपातीच्या व्याख्येतूनच वगळली होती, म्हणजे कपातीची भरपाईही नाही.

हरकती आहेत, आणि त्यांतली सर्वांत वजनदार हरकत मालकांची नाही, कामगार संघटनांची आहे. महाराष्ट्रात ‘अर्धवेळ’ आणि ‘अंशकालीन’ या शब्दांची पत फार वाईट आहे. शाळांतले अर्धवेळ ग्रंथपाल वर्षानुवर्षे पूर्णवेळ होण्यासाठी अर्ज-विनंत्या करत राहिले, आरोग्य उपकेंद्रांतल्या अंशकालीन स्त्री परिचर तुटपुंज्या मानधनासाठी मोर्चे काढत राहिल्या. या दोघांनाही विचारले तर अर्धवेळ म्हणजे पूर्ण काम आणि अर्धा पगार असेच उत्तर येईल. तेव्हा ‘आजाऱ्यांसाठी अर्धवेळ’ हे दार उघडले की त्यातून मालक धडधाकट माणसेही आत ढकलतील, ही भीती पोकळ नाही. म्हणूनच मागणी फक्त कामगाराला करता यावी, मालकाला लादता येऊ नये; तास लेखी ठरावेत आणि कामाचा वाटाही त्याच प्रमाणात घटावा. ज्या बँकेत खातेदारांची रांग तीच राहते आणि अर्ध्या दिवसात तेवढीच खाती उरकायची असतात, तिथे अर्धवेळ हा शब्द फसवा आहे. जर्मनीने 2019 पासून मोठ्या आस्थापनांत एक ते पाच वर्षांपुरते तास कमी करून पुन्हा पूर्णवेळावर येण्याचा हक्क दिला, तो याच भीतीपोटी: अर्धवेळात गेलेला माणूस तिथेच अडकून पडायचा.

गैरवापराची हरकत मला तितकी पटत नाही. खोटी मेडिकल टाकणारा आजही टाकतोच, आणि त्याला पूर्ण दिवस सुट्टी हवी असते. पगार निम्मा करून रोज कामावर यायचे सोंग कोण कशाला आणील? उरली छोट्या धंद्याची अडचण. सहा माणसांच्या छापखान्यात एक माणूस अर्ध्या दिवसावर आला तर यंत्र अर्धे चालत नाही, हे खरेच. तिथे हक्क सांगून उपयोग नाही. म्हणून आस्थापना किती मोठी यावर नियम ठरावा, आणि छोट्यांसाठी उरलेल्या तासांचा भार विम्याने उचलावा. पण मोठ्या कार्यालयांनी छापखान्याच्या आड लपू नये. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत बाळंतपणानंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची मुभा आली, तेव्हाही कामाचा बोजवारा उडेल म्हणणारे होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुने नियम नव्या चौकटीत बसवताना विम्यातली ‘काम केले त्या दिवशी लाभ नाही’ ही अट ‘काम केले तेवढ्या भागाचा लाभ नाही’ अशी करता येईल. राज्य सरकारला तर कोणाची वाटही पाहायला नको. आपल्या कर्मचाऱ्यांच्या रजेचे 1981 चे नियम त्याच्याच हातातले आहेत, आणि तिसरा कागद छापणे त्यालाच सर्वांत सोपे आहे.

यातून सुटते ती घरकाम करणारी बाई. गुडघे दुखायला लागले की ती पाच घरांपैकी दोन सोडते, बहुधा तिसऱ्या मजल्यावरची आणि लिफ्ट नसलेली. कोणत्याही नियमाशिवाय तिने स्वतःला अर्धवेळ करून घेतलेले असते. पगार त्या प्रमाणात घटतो, विमा आधीही नव्हता, आणि गुडघ्याचे ऑपरेशन होऊन ती परत येते तेव्हा त्या दोन घरी दुसरी बाई लागलेली असते. वर मागितलेल्या हक्कांपैकी एकही तिच्यापर्यंत पोचत नाही; तिला मालक एक नाही, पाच आहेत, आणि त्यांतले दोन-तीन कदाचित स्वतःच्या कचेरीत अर्ध्या दिवसाची सवलत मागत असतील.