विंचवाचे बिऱ्हाड आणि त्याची मोरी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण त्या बिऱ्हाडात मोरी असते की नाही, हे कुणी पाहिलेले नाही. अमेरिकन माणसाने मात्र मोरीसकट सारे बिऱ्हाड चाकांवर चढवले आहे. निजायला खाटा, स्वयंपाकाला शेगडी, न्हाणीघर आणि संडास, सगळे एका गाडीत! तिला तिकडे मोटारहोम म्हणतात. मुलाकडे किंवा लेक-जावयाकडे गेलेली आपल्यातली वडील मंडळीही हल्ली या गाडीतून हिंडून येतात आणि परतल्यावर तिच्या खाटांचे, शेगडीचे रसभरित वर्णन ऐकवतात. मोरीचे पाणी कुठे गेले, ते मात्र कुणी सांगत नाही. वाचकहो, आज आपण तेवढेच पाहू.

गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी एकीत जाते; ते ‘राखी पाणी’. दुसरी संडासाची, ते ‘काळे पाणी’. आपल्याला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. तिकडच्या प्रवाशाला ही टाकी आठवते, आणि तिच्या शिक्षेतून कुणाचीच सुटका नसते. टाकी भरत आली की ठरवून दिलेल्या जागी गाडी न्यायची, तीन इंच व्यासाची नळी जोडायची आणि झडप उघडायची. पाणी उताराने निघून जाते.

पण उतारच नसला तर? मैल्याचे तोंड टाकीपेक्षा उंच किंवा लांब असले तर? तिथे पंप लागतो. हा पंप गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याच्या आत फिरती पाती असतात. मैला आणि कागद यांचा ती पातळ रबडा करतात आणि पंप तो बागेच्या नळीएवढ्या बारीक नळीतून चढावरही ढकलतो. आपल्या मिक्सरचाच हा लांबचा भाऊ. ऐन फराळाच्या दिवसांत हे नाते सांगितल्याबद्दल गृहिणींनी रागावू नये.

या भावाचे काही हट्ट आहेत. टाकीत पाणी भरपूर हवे. काळ्या टाकीची झडप सदा उघडी ठेवली, तर पाणी वाहून जाते आणि मैला तळाशी ढिगासारखा सुकून बसतो. मग पंपाचे काही चालत नाही. म्हणून टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यावी आणि मगच उपसावी. आधी काळे पाणी काढावे, मागून राखी, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. टाकी रिकामी होताच पंप बंद करावा. कोरडा फिरला तर त्याचे रबरी चाक जळते. चिंध्या आणि केसांचे गुंतवळ संडासात टाकू नये. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही लावू नये.

आणि हे सारे करतो कोण? बहुधा गाडीचा धनीच, हातमोजे चढवून. मग तो डॉक्टर असो वा प्राध्यापक. ज्याची घाण, त्याचाच हात.

आता जरा आपल्या दाराशी येऊ. जिथे भुयारी गटारे पोचलेली नाहीत, तिथे आपल्याही इमारतीखाली सेप्टिक टँक असतो. म्हणजे बिनचाकांची काळी टाकीच. तिचा न्याय तोच. दोन-तीन वर्षांनी पंपाची गाडी बोलावून उपसली, तर काम सुरळीत होते. दहा वर्षे झाकण उघडले नाही, तर गाळ घट्ट होतो, पंप हात टेकतो, आणि मग कुणाला तरी आत उतरवण्याची भाषा सुरू होते. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठलेले असतात. आत गेलेला माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला असे उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही अशा मृत्यूंच्या बातम्या अजून येतातच.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून सत्याग्रह केला आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपास धरला. हे काम जन्माने कुणा एका जातीच्या कपाळी लिहिलेले नाही, हे त्यांना दाखवायचे होते. आज तर हाताशी पंप आहे. आपल्याकडून कुणी उपासही मागत नाही. सोसायटीच्या सभेत रंग आणि रोषणाई यांच्याबरोबर एक प्रश्न तेवढा विचारावा: टाकी शेवटची कधी उपसली? आणि गाळ निघत नसेल, तर पाण्याचा फवारा मारून तो सैल करावा, गाडी पुन्हा बोलवावी, चार पैसे जास्त मोजावेत. पण माणूस आत उतरवू नये. दिवाळीत त्याच्याही घरी पणती लागायची असते.