यष्टीमागची नजर

यष्टिरक्षकाचे काम केवळ चेंडू अडविण्याचे नसते. गोलंदाजापासून सीमारेषेपर्यंतचे सारे मैदान त्याच्या डोळ्यांपुढे असते आणि प्रत्येक चेंडूवर त्याला सावध राहावे लागते. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूचे स्थान असेच असते. म्हणूनच की काय, यॉगी बेरा, जो टॉरी यांच्यासारखे त्या जागेवरील खेळाडू पुढे संघांचे नामांकित व्यवस्थापक झाले. आपल्याकडे असे उदाहरण चंद्रकांत पंडित यांचे आहे.

१९६१ साली जन्मलेले पंडित मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढले व भारतातर्फे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. उत्तरायुष्यात ते मध्य प्रदेशाकडून खेळू लागले. १९९९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हा संघ बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाविरुद्ध उतरला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला असता, तरी करंडक मध्य प्रदेशाचाच होता. परंतु अखेरच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी पराभव पदरी आला.

पुढे पंडित प्रशिक्षक झाले. शिस्तीच्या बाबतीत कठोर अशी त्यांची ख्याती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला. पूर्वी तो कधीच न लाभलेल्या विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत तो मिळविला. २०२० साली मध्य प्रदेशाने त्यांना पाचारण केले.

जून २०२२ मध्ये तेच चिन्नास्वामी मैदान, तोच अंतिम सामना. समोर ४१ वेळा विजेती ठरलेली मुंबई, म्हणजे पंडितांचे माहेरच. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले. या वेळी आघाडी निसटली नाही. सहा गडी राखून विजय मिळाला आणि मध्य प्रदेशाने प्रथमच करंडक जिंकला. एरवी करडे दिसणारे पंडित त्या दिवशी डोळ्यांतील पाणी आवरू शकले नाहीत.

आपले हुकलेले यश पुढच्या पिढीकडून वसूल करण्याचा मोह घराघरांतील वडीलधाऱ्यांनाही होतो. पंडितांनी मात्र त्या तरुणांना आधी मेहनतीची सवय लावली. जिंकण्याचे बळ तेथूनच आले, आणि तेवीस वर्षांपूर्वीचे शल्यही त्यांच्याच हातून निवाले.