‘कारकीर्द खंडित झाली’ : एका सोज्वळ वाक्याचा समाचार

१/ फुटबॉलच्या इतिहासात एक वाक्य वारंवार भेटते : ‘महायुद्धामुळे त्याची कारकीर्द खंडित झाली.’ जणू युद्ध म्हणजे अवकाळी पाऊस. आला आणि खेळ थांबला. एडिनबरोच्या ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ क्लबचा टॉम ग्रेसी या वाक्याचा फोलपणा उघड करतो.

२/ ऑगस्ट १९१४. ब्रिटन युद्धात उतरले होते. हार्ट्सने गतविजेत्या सेल्टिकला २-० असे नमवून हंगाम सुरू केला आणि पहिले आठही सामने जिंकले. ग्रेसी त्याच वर्षी लिव्हरपूलहून आलेला आघाडीचा खेळाडू.

३/ सक्तीची सैन्यभरती तेव्हा नव्हती. तो कायदा १९१६ चा. तोवर कायद्याचे काम लाजेकडे सोपवले गेले. नोव्हेंबरात एडिनबरोच्या वृत्तपत्रात पत्र आले : या संघाने ‘मिडलोथियनची पांढरी पिसे’ हे नाव धारण करावे. पांढरे पीस म्हणजे भ्याडपणाचा शिक्का. पत्राखाली सही : ‘सैनिकाची कन्या’.

४/ घोड्यांच्या शर्यती चालू होत्या, नाटकगृहे उघडी होती. बोट मात्र रोखले गेले ते वेतनावर खेळणाऱ्या फुटबॉलपटूंकडे.

५/ त्याच महिन्यात ग्रेसीसह हार्ट्सचे खेळाडू सर जॉर्ज मॅक्रे यांच्या बटालियनमध्ये दाखल होऊ लागले. रात्री लष्करी कूच, शनिवारी सामना. थकलेला संघ शेवटचे दोन्ही सामने हरला. सेल्टिक ६५ गुण, हार्ट्स ६१.

६/ ग्रेसीने त्या हंगामात लीगमध्ये २९ गोल केले. हंगाम संपण्यापूर्वीच त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले होते. तरी तो खेळत राहिला. २३ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, ग्लासगोत त्याचा मृत्यू झाला. बटालियन अजून फ्रान्सला पोहोचलीही नव्हती.

७/ १ जुलै १९१६, सोमची लढाई : हॅरी वॉटी, डंकन करी, अर्नेस्ट एलिस एकाच दिवशी ठार. युद्धकाळात क्लबने एकूण सात खेळाडू गमावले.

८/ आक्षेप ठरलेला आहे : ‘ते स्वेच्छेने गेले, आणि १९१६ नंतर जावेच लागले असते.’ त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. पण भ्याड ठरवण्याची धमकी देऊन मिळवलेल्या होकाराला निखळ स्वेच्छा म्हणता येत नाही. आणि कायद्याने धाडले असते, तर निदान जबाबदार कोण हे तरी लिहिलेले राहिले असते. लाजेने धाडलेल्यांचा हिशेब कोणाच्याच नावावर चढत नाही.

९/ १९२२ मध्ये एडिनबरोच्या हेमार्केट भागात क्लबचे स्मारक उभे राहिले. तेथे पुष्पचक्र अवश्य वाहावे. मात्र इतिहास लिहिताना करणाऱ्याला वगळणाऱ्या वाक्यरचनेमागे लपू नये. कारकीर्द ‘खंडित झाली’ नाही. ती माणसांनी खंडित केली.