डोंगरवाटेचें सुख

डोंगरी मुलुखांत हिंडण्यासारखें दुसरें सुख नाहीं, असें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत आलों. तीस वर्षें भूगोलाच्या तासाला आम्हीं फळ्यावर सह्याद्रीची रेघ ओढली व तिच्या दोहों बाजूंस नद्या काढल्या. सुट्यांमध्यें मित्रांच्या संगतीनें अनेक घाटही पायांखालीं घातले. परंतु हें सुख घरांतील सर्वांच्या वांट्यास सारखें येतें किंवा नाहीं, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता. तो आमच्या नातवानें पाडला.

एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यानें सहज विचारलें, “आजी, महाबळेश्वर कसें आहे ग?” आमचें कुटुंब क्षणभर थांबून म्हणालें, “तिकडचें सरपण फार ओलें असतें, बाळ.” सगळीं हंसलीं, आम्हीही हंसलों. पण अंथरुणावर पडल्यावर तें उत्तर मनांतून जाईना. लग्नानंतर दोनतीन वर्षांनीं आम्ही अकरा माणसें महाबळेश्वरास चार दिवस राहिलों होतों. कृष्णेच्या उगमाचें देऊळ, सूर्यास्त, दरींतून वर येणारें धुकें, या सर्वांचें वर्णन आम्हीं पुढें कितीदां तरी केलें असेल. घरांतील धाकटी सून या नात्यानें तिच्या वांट्यास मात्र अकरा माणसांचीं दोन वेळांचीं जेवणें, तीन वेळांचा चहा आणि न पेटणारी चूल एवढेंच महाबळेश्वर आलें. आम्ही मात्र तिलाही महाबळेश्वर दाखविलें, अशा समजुतींत इतकीं वर्षें होतों.

म्हणून गेल्या भाद्रपदांत पाऊस ओसरूं लागतांच आम्ही दोघेंच निघालों. अट एकच घातली : बरोबर स्टोव्ह घ्यावयाचा नाहीं व शिधाही घ्यावयाचा नाहीं. अट तिनें पाळली. मात्र रव्याच्या लाडवांचा डबा पिशवींत निघालाच.

जुन्नरला रात्रीं मुक्काम करून सकाळीं आम्हीं नाणेघाटाची वाट धरली. हा रस्ता घाटमाथ्यापर्यंत जातो. वाटेंत चावंड दिसतो, पुढें जीवधन उभा राहतो. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर एकावर एक सांचून हे खडक बनले. डोंगरांच्या अंगावरील पायऱ्यापायऱ्यांसारख्या आडव्या रेघा म्हणजे तेच थर. भाद्रपदांत त्या काळ्या पायऱ्यांवर हिरवें गवत, जांभळा तेरडा व पिवळी सोनकी अशी दाटी झालेली असते. आमच्या कुटुंबानें खिडकीवरून मान वळविली नाहीं. आम्ही कांहीं माहिती सांगूं लागलों, तेव्हां “थांबा, आधीं पाहूं द्या,” असें उत्तर मिळालें.

माथ्यावर जमीन एकाएकीं संपते आणि खालीं कोंकण दिसूं लागतें. येथें पावसाळ्यांत एक चमत्कार दिसतो. कोंकणांतून येणारा वारा कड्याला अडून उभा वर उसळतो व कड्यावरून पडणारें पाणी पुन्हां माथ्यावर फेंकतो. तें तोंडावर घेत आम्हीं आमचा जुना पाठ सांगितला : या धारेच्या पूर्वेस पडलेला थेंब कुकडी, घोड, भीमा, कृष्णा अशी वाट चालून बंगालच्या उपसागरास मिळतो, पश्चिमेस पडलेला कोंकणांत उतरून अरबी समुद्र गांठतो. ती म्हणाली, “म्हणजे एकाच ढगाच्या दोन लेकी. एकीचें सासर जवळ, दुसरीचें फार लांब.” तीस वर्षांत जलविभाजकाची इतकी सोपी व्याख्या आमच्या वर्गांत कोणी केली नव्हती, आम्हींही नाहीं.

घाटाच्या तोंडाशीं सातवाहनांच्या काळची कोरीव गुहा आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपींतील प्राकृत लेख आहे व तो सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानला जातो. त्यांत इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य व लोकपाल यांना वंदन असून अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञांची व दक्षिणेंत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणीं यांची मोजदाद आहे. आपल्या देशांतील अंकलेखनाच्या जुन्या नमुन्यांत या लेखांतील आंकडे गणले जातात. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ति होत्या. आतां पायांच्या खुणा व वरचीं नांवें एवढेंच उरलें आहे. राणीनें महिना महिना उपवास केल्याचाही त्यांत उल्लेख आहे, असें सांगतांच आमचें कुटुंब म्हणालें, “उपवास लिहिले तें बरें झालें. पण यज्ञाला इतकीं माणसें जमलीं, त्यांचा स्वयंपाक कोणीं केला, तें कोठें लिहिलें आहे का?” आम्हीं लेखाकडे पाहिलें आणि गप्प बसलों.

दुपारीं घाटघर गांवांत एका घरीं पैसे देऊन पिठलें-भाकरी जेवलों. जेवण होतांच ती उठून त्या घरच्या बाईंजवळ चुलीपाशीं गेली व उरलेले लाडू त्यांच्या मुलांना देऊन आली. पुष्कळ वेळ दोघींचें बोलणें चाललें होतें. काय बोललांत, असें विचारतां ती म्हणाली, “यांचेंही सरपण ओलेंच आहे.”

आम्हीं तिला सह्याद्रि दाखविला, असें आतां आम्ही म्हणत नाहीं. तिनें तो पाहिला, एवढेंच खरें. घरीं आल्यावर नातवानें पुन्हां प्रश्न केला. तेव्हां उलट्या पाण्यापासून पुसट झालेल्या पावलांपर्यंत सारें तिनें तासभर सांगितलें. त्यांतील निम्मी हकीकत आम्हांस नवीन होती.

दिवाळीच्या सुटींत आमच्या वाचकांपैकीं अनेक कुटुंबें डोंगराकडे निघतील. सामानाची यादी करतांना त्यांनीं एवढें पाहावें : त्या चार दिवसांत चुलीपाशीं कोण बसणार आहे, आणि कड्यावर कोण. तीं दोन्ही नांवें रोज बदलतां आलीं तर उत्तम. न आलीं तर स्टोव्ह घरींच ठेवावा.